रेड रीफचं सामान

३ मार्च, सोमवार

ड्वाइट आला आणि उभ्याउभ्या सांगून गेला. रेड रीफ बंद. पंधरा तारखेला शेवटचा दिवस. मी लिंबं पिळत होते. पिळतच राहिले. त्याच्यासमोर हात थांबू दिला नाही, एवढंच समाधान.

आमच्या मालकिणीला, लॉरेनला, जाऊन पुरते चार महिनेही झालेले नाहीत. नवऱ्यामागे बाईने एकटीने हा बार ओढला. बंदरावरच्या संपात ओढला, रस्ता खणून ठेवला होता त्या वर्षी ओढला. आणि वारस कोण, तर हा भाचा! याला रम आणि खोकल्याचं औषध यातला फरक सांगावा लागतो.

"पर्ला, जागा विकली गेली. इमारत पाडणार आहेत. घरं होतील इथे."

"आणि हे सगळं?" मी वर हात केला. छताला टांगलेली होडी, फुगामाशांचे दिवे, कोळ्यांच्या जाळ्यांचे काचेचे गोळे, भिंतीभर बांबू, कोपऱ्यातला धबधबा, जागोजागी लाकडी देव.

"कुणाला हवं असेल तर नेतील. नाहीतर कचऱ्यात."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. मी सुरी उचलली. लिंबासाठीच.

५ मार्च

सेफोला सांगितलं. आमचा स्वयंपाकी, सामोआ बेटांवरचा. तळणातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे आता रविवारी चर्चमध्ये वेळेवर पोचेन." बस. एवढंच. सगळेच दगड.

९ मार्च, रविवार

आज दुपारी गिधाड आलं. नाव गॉर्डन टिबेट्स. अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर गवताची टोपी, हातात मोजपट्टी. दातांचा डॉक्टर होता म्हणे, आता निवृत्त. असल्या बारांचं सामान वाचवणारं यांचं एक मंडळ आहे. ड्वाइटने परस्पर यांना शब्द दिला: रिकामं कराल तेवढं तुमचं. मला विचारलं? मी कोण? गेली सदतीस वर्षं या काउंटरमागे उभी असलेली एक बाई.

आला तो थेट छताखाली गेला आणि मान वर करून फिरत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "काही घेणार की नुसती मापं?"

"पाणी."

"इथे पाणी माई ताय कॉकटेल घेणाऱ्यांना मिळतं."

"मला तुमची पेयं कधीच आवडली नाहीत," म्हणाला. "फार गोड असतात. मी छतासाठी यायचो."

माझ्या तोंडावर! ताताय, म्हणजे माझे वडील, याच काउंटरमागे मरेपर्यंत उभे होते. प्रत्येक पेय त्यांच्या हातचं, मी फक्त पुढे चालवलं. आणि हा म्हणतो गोड.

मग राजापाशी जाऊन थांबला. दारासमोरची ती माणसापेक्षा उंच मूर्ती. गिऱ्हाइकं तिला राजा म्हणतात, आत येताना नाक चोळतात, नाक पार गुळगुळीत झालंय. ताताय मनिलाहून आले तेव्हा बोटीवर सुतार होते. लॉरेनच्या नवऱ्याने माडाचं खोड आणून दिलं आणि म्हणाला, एक देव कर, चांगला भयंकर. तातायने डोळे मिटून जे भयंकर आठवलं ते कोरलं. नानाय. माझी आई. पगाराच्या दिवशी ताताय उशिरा घरी आले की दारात उभी राहायची तशी. भुवया, ओठ, सगळं. हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. नानायला मात्र ठाऊक होतं. ती म्हणायची, "निदान तिथे तरी लोक मला घाबरत नाहीत."

गॉर्डनने तिच्या पायाशी टेप लावली. म्हणाला, "हा सिमेंटात गाडलाय. घोट्यापासून कापावा लागेल."

मी म्हटलं, "आधी तुमचे कापू. बघू कसं वाटतं."

त्याने ते लिहून घेतल्यासारखं केलं.

१२ मार्च

फुलाफुलांच्या शर्टांचा मला आता लांबूनच वास येतो.

१६ मार्च, रविवार

काल शेवटचा दिवस झाला. रांग पार कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानापर्यंत. कोण कोण आलं! दहा वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नाही ते गळ्यात पडून रडले. एक बाई म्हणाली, "पर्ला, ही जागा म्हणजे माझं दुसरं घर." मी विचारलं, मग पहिल्यातून निघायला इतका वेळ का लागला? ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

जिवंतपणी कुणी घोटभर पाणी पाजलं नाही. आता मढ्याला आंघोळ घालायला गावजेवणाएवढी गर्दी. मंगळवारी या म्हणावं, पाऊस पडत असताना, मी आणि सेफो आणि एक बहिरा खलाशी असे तिघंच असताना या. तेव्हा आला असतात तर हा दिवस आला नसता.

छतातल्या टिनाच्या पत्र्यावर नळीतून पडणारा आमचा खोटा पाऊस मी शेवटचा सोडला. सगळे वर बघत राहिले. तेवढा वेळ मला कुणाचा राग आला नाही. मग पाऊस संपला.

१७ मार्च, सोमवार

आज मंडळ आलं. गॉर्डनने पहिलं काम काय केलं, तर दोन्ही दारं उघडून विटा लावून ठेवली.

रेड रीफला खिडकी नाही. बाहेर भर दुपार असली तरी आत कायम दिवेलागणीची वेळ. इतक्या वर्षांत भर उन्हात ती दारं अशी सताड उघडी मी कधी पाहिली नव्हती. ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत गेलं आणि सगळं उघडं पडलं. सिगारेटच्या धुराने पिवळी झालेली भिंतीवरची चटई. होडीला लावलेले चिकटपट्ट्यांचे तुकडे. माशांच्या पोटातल्या साध्या पिवळ्या बत्त्या. धबधब्याचा दगड म्हणजे रंगवलेलं प्लास्टर, आणि मागे बुरशी. म्हाताऱ्या बाईचं पांघरूण भरचौकात ओढावं तसं झालं. आणि ही मंडळी त्यात फोटो काढत होती.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. झाडू घेऊन. अक्षरशः.

संध्याकाळी कुलूप बदललं.

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर ते बाहेर फुटपाथवर उभे. नऊ-दहा जण, रंगीबेरंगी, बागेतून हाकलल्यासारखे. मी आत बसून ऐकत होते. गॉर्डनने एकदाच दार वाजवलं.

"बाई, वेळ तुमचाही जातोय."

"माझा जाऊन झाला," मी आतून म्हटलं.

तो गेला नाही. खुर्ची आणून दारासमोर बसला. त्याच्या वयाला ऊन सोसत नसेल. मला काय त्याचं.

१९ मार्च, बुधवार

ड्वाइट पोलीस घेऊन आला नाही, एवढा तरी सभ्यपणा. पण आला तो तापूनच. म्हणाला, कुलपाचा तमाशा बस. सोमवारी आतलं तोडायला माणसं येतील. आधी महिनाअखेरपर्यंत मुदत होती, आता नाही. "तुमच्यामुळे," म्हणाला. "आता जे राहील ते कचऱ्यात."

तो गेल्यावर सेफो मागच्या दाराने आला. त्याच्या सुऱ्या न्यायला आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, मला वाटलं तो माझ्या बाजूने बोलेल. तो सुऱ्या फडक्यात गुंडाळत राहिला.

"झालं तुझं? किती वाचवलंस रागाने?"

"तू तर बोलूच नकोस. तुमच्या देवांच्या नावावर इथे दारू विकली आपण."

"आमचे कसले देव. आमच्या सामोआत असलं काही नाही. हे इथल्याच ऑरेंज काउंटीतल्या कारखान्यातले देव आहेत." मग राजाकडे बोट केलं. "हा सोडून. हा कोणाचा आहे ते तू कधी सांगितलं नाहीस, पण मी रोज तुझं तोंड बघतो आणि रोज याचं बघतो. मला डोळे आहेत."

मी फडकं घेऊन पेले पुसायला लागले.

"दार उघड, पर्ला. तो म्हातारा अजून बाहेर आहे."

उघडलं. गॉर्डन खुर्चीत बसूनच झोपला होता. नाक भाजून लाल झालं होतं. मी त्याला पाण्याचा पेला दिला. फुकट.

२० मार्च, गुरुवार

अंग मोडून आलंय. लिहवत नाही.

पण एक सांगते. तो माणूस खिळा उपटतो ना, तो दात काढावा तसा. आधी हलवतो, वाट बघतो, मग हळूच बाहेर. बांबू फुटत नाही. एकेका कांबीवर खडूने खूण. मी म्हटलं, "एवढं कशाला, बांबू तो बांबू." म्हणाला, "असं तुम्ही बोलता?" मला जास्तच राग आला.

धबधबा गेला. हात लावला तर भुगाच झाला. त्याच्या मंडळातली एक बाई रडायला लागली. मी म्हटलं, रडा, तेवढंच पाणी. गॉर्डन हसला. पहिल्यांदाच. दात स्वतःचे नाहीत त्याचे.

२१ मार्च, शुक्रवार

राजाचा दिवस. गॉर्डन करवत घेऊन उभा. म्हणाला, वेळ नाही, कापू या, नंतर पाय जोडता येतात. मी मूर्तीला पाठ लावून उभी राहिले. तो म्हणाला, "समजावून सांगा मला. बाकी सगळं काढलं तेव्हा बोलला नाहीत."

मी सांगितलं. सगळ्यांसमोर. ही माझी आई आहे.

कुणी हसलं नाही. गॉर्डन मूर्तीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग करवत खाली ठेवली आणि म्हणाला, "फरशी फोडा."

सेफो चर्चमधून आपले दोन भाचे घेऊन आला. पहारी, हातोडे. खालचं सिमेंट लॉरेनच्या नवऱ्याने स्वतः ओतलेलं, भूकंपालाही दाद न देणारं. दुपारपर्यंत नुसती धूळ. मग एकदम राजा हलला. सहा जणांनी धरला. मी तिच्या दंडाला हात लावून बरोबर चालले, तोंडाने सगळ्यांना शिव्या देत. तागालोगमध्ये. नानायला तीच भाषा कळायची.

पाय शाबूत आहेत. तातायने पायांची बोटंही कोरली होती. इतकी वर्षं सिमेंटात होती, कुणी बघितली नाहीत. तिच्यासारखीच. दुसरं बोट लांब.

२२ मार्च, शनिवार

मंडळाची वखार पार वाळवंटात, बारस्टोला. सोमवारच्या आत तेवढ्या खेपा होईनात. शेवटी सेफोने कार्सनमधल्या आपल्या चर्चची मागची खोली मिळवून दिली. पास्टर दारात येऊन बघत राहिला. "सेफो, या मूर्ती आहेत."

"फर्निचर आहे, पास्टर."

"फर्निचरला दात असतात?"

शेवटी ठरलं: ठेवा, पण तोंडं भिंतीकडे. सगळे देव शिक्षा झाल्यासारखे उभे केले. नानायला भिंतीकडे तोंड करायला लावायची आयुष्यात कुणाची छाती झाली नव्हती. मी पास्टरला म्हटलं, ही नाही. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, ठीक आहे, ही नाही.

२४ मार्च

ड्वाइटला किल्ली दिली. त्याने आत डोकावून बघितलं. नुसत्या भिंती. "बरं झालं," म्हणाला, "कचरा उचलायचा त्रास वाचला."

११ एप्रिल, शुक्रवार

मीच मूर्ख. आठवडाभर त्या गॉर्डनबरोबर चर्चच्या खोलीत बसून काचेचे गोळे पुसले, घरून आमच्या पान्सित शेवया करून नेल्या, त्याने दोनदा वाढून घेतल्या. मला वाटायला लागलं होतं की माणूस बरा आहे.

आज त्याने नकाशा पसरला. बारस्टोची वखार. तिथे म्हणे रेड रीफ जसंच्या तसं उभं करणार. काउंटर, छत, पाऊस, सगळं. लोक तिकीट काढून बघतील.

"आणि बसतील कुठे?"

"बसणार नाहीत. मधे काच असेल. जुनं सामान आहे, हात लावून कसं चालेल?"

"राजाचं नाक?"

"काचेतून दिसेल."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात: ज्या बारमध्ये कुणी पीत नाही ते थडगं असतं, आणि तुम्ही थडगी राखणारे आहात. तो म्हणाला, तुमच्या हातात असतं तर हे सगळं आज कचऱ्याच्या ढिगात असतं. खरं आहे. म्हणूनच मी त्याच्या अंगावर फडकं फेकलं.

त्याने टोपी घातली आणि गेला. महिनाअखेरीस ट्रक आणणार आहे. नानायलाही नेणार. ड्वाइटने सामान त्याला दिलंय, मला नाही. मी सेफोला म्हटलं, चर्चचं कुलूप बदल. तो म्हणाला, "पुन्हा तेच?"

१५ एप्रिल

फोन नाही. त्याचाही नाही, माझाही नाही. मरू दे.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी ड्वाइटचा फोन. आवाजात साखर. इमारत पाडत नाहीत. घरं वगैरे काही नाही. ज्यांनी जागा घेतली त्यांना तिथे बारच काढायचाय. तसलाच, बेटांवरचा, देव आणि होड्यावाला. मोठी कंपनी आहे, सगळीकडे त्यांचे बार आहेत. त्यांना जुनं सामान परत हवंय, अगदी तेच. "कुठे ठेवलंय, पर्ला?"

मी म्हटलं, "कचऱ्यात गेलं. तुम्हीच सांगितलं होतं."

मग गॉर्डनला फोन लावला. त्याला ड्वाइटने माझ्याआधीच गाठलं होतं. सामान परत देण्याचे कंपनीवाले भरपूर पैसे देत होते म्हणे.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"कचऱ्यात गेलं."

मग तो म्हणाला, काच नको, लोक बसून पिऊ देत. लाँग बीचला एक जुनं, गळाला लावायच्या आमिषाचं दुकान रिकामं आहे, छत चांगलं उंच आहे.

शनिवारी दोघं बघायला जातोय.