लाल कावून दिसलं नाही

सेक्टर ६, भिलाई
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय अमरदीप भाऊजी,
सप्रेम जयभीम.

इकडं आमी सगळे बरे आहोत. प्रेरणाताईचा खोकला गेला. भूमिका रोज विचारते, पप्पा कधी येतेत? ताई तिले सांगते, आमगावले मोठ्या बाबाच्या राइस मिलमधलं काम संपलं का येतील. थंडी पडून राहिली. तुमची स्कूटर मी अधूनमधून चालू करून ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून.

मराठीत लिहायची सवय नाही जी, चुका पोटात घाला. फोन कावून नाही केला म्हणाल. केला होता. तुमी उचलता आणि म्हणता, "जेवला का बाबू?" मग मी नेटवर्क नाही म्हणून कापून टाकतो. नेटवर्क चांगलं असते.

आता माझ्या गेमचं सांगतो, हसू नका. तोच, विमानं पाडायचा, ज्याच्यापायी ताई माझ्यावर ओरडते. त्याच्यात मागून मिसाइल येते, ती इंजिनची गरमी पाहून येते. आपण बटन दाबलं का विमानातून जळते गोळे पडतेत, फ्लेअर म्हणतेत त्याले. मिसाइल येड्यावाणी त्या गोळ्यामागं जाते आणि आपण वाचलो. मी म्हणलो, हे खोटं आहे. नव्या मिसाइलचा डोळा इतका बावळट नसते. गोळा मागं पडते, विमान पुढं जाते, हे त्याले समजते. एकदम जास्त गरमी समोर आली तर घडीभर तिकडं पाहतच नाही, आपल्या पहिल्या वाटेनं जाते. गेमच्या ग्रुपमधले पोट्टे म्हणाले, "भाई, प्रूफ दे. तू क्या एअरफोर्स में है?"

माझं डोकं फिरलं. दिवसभर कॅमेऱ्यातून गरमी पाहायचं काम आपण करतो, आणि हे मले शिकवतेत!

तुमाले आठवत असेल, दिवाळीनंतरच्या रविवारी मीनं कंपनीचा थर्मल कॅमेरा घरी आणला होता. म्हणलो, चार्जिंगले लावतो, तिकडचा सॉकेट ढिला आहे. कॅमेरा तुमच्या सहीवरचा, तरी तुमी एका शब्दानं विचारलं नाही. मीनं क्वार्टरच्या मागं मोटारसायकल चालू ठेवली, बाजूले दिवाळीचा उरलेला अनार पेटवला आणि शूटिंग केली. सगळं पांढरंच दिसे. म्हणून रेंज वरची लावली, भट्टीसाठी असते ती. मग झकास दिसलं, अनार वेगळा, सायलेन्सर वेगळा. त्याच्यानं काही सिद्ध होत नव्हतं, अनार काही उडत नाही. तरी पोट्ट्यांनी वाहवा केली आणि मी फुगलो.

रेंज खाली करायची राहिली.

एवढं लिहाले मी सकाळपासून बसलो आहे, भाऊजी.

सोमवारी तोच कॅमेरा घेऊन तुमी रसमड्याच्या लोखंडाच्या मिलमधले बिजलीचे पॅनल तपासले. रीत तुमीच मले शिकवली, निळं दिसलं का पुढं चाला, लाल दिसलं का थांबा. भट्टीच्या रेंजवर तापलेला केबलचा जॉइंट बी निळाच दिसते. तुमी पुढं चालले. मंगळवारी तो पॅनल जळला, मिल बंद पडली. कोणाले लागलं नाही, हे नशीब. आपल्या कंपनीच्या शालिकराम साहेबांनी कॅमेरा मागवला, तो माझ्या हातात होता. देण्याच्या आधी मीनं रेंज खाली केली. पहिलं विसरून झालं, हे मीनं जाणून केलं. साहेबांनी पाहिलं, कॅमेरा ठीक. मतलब माणूस खराब. तुमचा गेटपास घेतला, काम गेलं, तेव्हा मी बाजूलेच उभा होतो, जमिनीकडं पाहत.

मग तुमी म्हणले, "बाबू, माझे डोळे गेले वाटते." सुपेल्याच्या डोळ्याच्या डॉक्टरकडं तुमाले मीच घेऊन गेलो. त्यानं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, तुमी सगळे आकडे बरोबर वाचले. तो म्हणाला, डोळे चांगले आहेत. तरी तुमी हात जोडले. "नीट पाहा ना डॉक्टरसाहेब, मले लाल दिसत नाही." मी बाजूच्याच खुर्चीवर होतो. शेवटी त्यानं बारीक नंबरचा चष्मा लिहून दिला. त्या दिवसापासून तुमी स्कूटरले हात लावला नाही, भूमिकाले शाळेत पायी न्यायले लागले. मग कामासाठी आमगावले निघून गेले.

लाज वाटते जी. जेवताना वाटते, आरशात वाटते.

काल साहेबांसमोर तो अनारचा व्हिडिओ ठेवला, त्याच्यात वरची रेंज दिसते, सगळं सांगतलं. "अब बता रहे हो?" म्हणाले. माझा गेटपास ठेवून घेतला. तुमच्या कामाचं विचारलं, तर म्हणाले, "बुलाओ उसको." पक्कं काही बोलले नाही.

घरी येऊन ताईले सांगतलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. मग म्हणाली, "माझा माणूस टीव्हीच्या लाल बत्तीकडं पाहत बसे रे, दिसते का म्हणून. आणि तू त्याच सोफ्यावर मोबाइल खेळत होता?" मग म्हणाली, "फोन करू नको. लिहून दे. तोंडानं तू पलटशील."

चंदामावशी आज दुपारच्या गाडीनं आमगावले चालली, तिच्या हाती हे देतो.

माफी मागायचं तोंड नाही. तुमी या आणि मारा, मी उभा राहतो. फक्त एक करा. हे वाचाले तुमी चष्मा लावला असेल, तो काढून ठेवा आणि पुन्हा वाचा. मावशी आज लाल लुगडं नेसली आहे. रस्त्याच्या टोकावरूनच तुमाले ती दिसली असेल. तुमचे डोळे चांगले आहेत, भाऊजी. पहिल्यापासून चांगले होते.

तुमच्या घरी जेवून तुमच्याशीच खोटं वागलेला,
प्रफुल