चिकूतलं पाचवं अक्षर

२ जानेवारी, सकाळी ६
पीएचडी या वर्षी करायचीच. डहाणूच्या ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं बायोलॉजी शिकवतोय आणि स्टाफरूममधला दिपक अजून 'राऊत सर'च म्हणतो, 'डॉक्टर राऊत' नाही. मुंबईच्या वर्षा मॅडमकडे एकच जागा आहे. त्यांनी चिकूच्या जीनोमची फाईल पाठवलीय, चित्र करून ठेवा, २४ तारखेला कॉलेजात येऊन बघते म्हणाल्या. चिकू तर आमच्या अंगणातला. जागा माझीच! उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ जानेवारी, ९.४०
उठलो. थंडी फार.

५ जानेवारी
फाईल उघडली. नुसती डीएनएची अक्षरं: ए, सी, जी, टी, ए, ए, टी... संपतच नाही. एका ओळीत छापली तर वाणगाव ओलांडून पुढे जाईल. उपाय: हिल्बर्ट कर्व्ह. एकच रेघ, हात न उचलता वळत वळत अख्खा चौकोन भरते. ओळीतले शेजारी चित्रातही शेजारीच राहतात. प्रत्येक अक्षराला एक रंग दिला की झालं. कॉम्प्युटर कशाला? रांगोळीनेच करतो.

६ जानेवारी
चौसष्ट घरांपर्यंत उत्तम. दोनशे छप्पन्नला रेघ कोपऱ्यात अडकली. मग मीही. अंगणाला उतार आहे, दुसरं काही नाही.

९ जानेवारी
बायकोला सांगितलं. दक्षा तलासरीला गणित शिकवते. माहेर गुजरातच्या सीमेवरच्या झाईचं, त्यामुळे पाढे गुजरातीत आणि चिडवणंही गुजरातीत. दोन संध्याकाळी बसून प्रोग्रॅम लिहिला. कल्पना माझी, टायपिंग तिचं.

१३ जानेवारी
सापडलं!! चित्राच्या मधोमध हा एवढा केशरी चौकोन. त्यात ए नाही, सी नाही, जी नाही, टी नाही. नुसतं एन, एन, एन. पाचवं अक्षर! आणि मी बावीस वर्षं पोरांना चारच शिकवली. चिकूचा गोडवा इथेच असणार. दक्षा म्हणाली, फाईलबरोबरच्या सूचना तरी आधी वाच. सहा पानं, बारीक अक्षर. वाचू नंतर.

१४ जानेवारी
तिळगुळाबरोबर सगळ्यांना बातमी दिली. पाचव्या अक्षराचं नाव ठरवलं, माझ्याच नावावरून: परेशीन. दिपकने कोपरापासून हात जोडले. जळतोय.

२१ जानेवारी
केशरी शर्ट शिवून आला. सूचना राहिल्यात. पहाटे उठणं रद्द, संशोधकाला झोप लागते.

२४ जानेवारी, संध्याकाळ
मॅडम कॉलेजात आल्या. प्राचार्य, दिपक, सगळा स्टाफ हजर. दक्षा लॅपटॉपला. मी चाळीस मिनिटं बोललो. मॅडम पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, एन म्हणजे तिथलं मशीनला वाचता आलेलं नाही. तिथे काय आहे ते कोणालाच माहीत नाही, सूचनांच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. मी म्हटलं, तेच तर मी सांगतोय. कोणी हसलं नाही. दिपकसुद्धा नाही. मेल्याने निदान हसायला तरी हवं होतं.
मग त्यांनी विचारलं, कोपऱ्यात रेघ कशी वळवलीत? मी दक्षाकडे बघितलं. तिने खडू घेतला. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. माझ्या वेळी पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

२८ जानेवारी
जागा दक्षाला. ती नको म्हणत होती, म्हणे स्वप्न तुझं होतं. मी ओरडलोच, वेडी आहेस का, घे! ओरडताना आवाज चिरकला. थंडी.
फॉर्म मीच भरून दिला, अक्षर माझं चांगलं. पीएचडीच्या फॉर्मवर शेवटी माझं नाव आलं. रकाना: अपघात झाल्यास कोणाला कळवावे.