चौदाव्या स्लाइडवरची चौकट

९ जानेवारी, गुरुवार

जमलं एकदाचं! चालू स्लाइड शोमध्ये टाइप करता आलं. तीन दिवस डोकेफोड करत होते. साधी चौकट काढली की शो सुरू झाल्यावर तिचं नुसतं चित्र होतं — कितीही क्लिक करा, ढिम्म. आज डेव्हलपर टॅब सापडला. तिथली टेक्स्ट बॉक्सची चौकट घेतली, खाली 'जमा करें' असं बटण. ते दाबलं की लिहिलेलं वेगळ्या फाइलमध्ये जाऊन बसतं आणि चौकट पुढच्या माणसासाठी कोरी होते. शेजारी तारीख आणि वेळही पडते. ही माझी हौस, कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या कारखान्याचे मॅनेजर सक्सेनाजी खूश. सुरक्षेचे धडे कामगारांना खरंच कळतात का, असं गिऱ्हाइकं विचारतात म्हणे. आता दर सोमवारी लेखी पुरावा!

आईला सांगितलं. म्हणाली, म्हणजे शाळेत फळ्यावर लिहायला बोलावतात तसंच ना? तीन दिवसांची मेहनत एका वाक्यात संपवली.

१३ जानेवारी, सोमवार

पहिला वर्ग. बावीस जण रांगेने लॅपटॉपपाशी आले. चौदावी स्लाइड — 'आपको कुछ कहना है? नाम न लिखें।' एका बोटाने टाइप करत सगळ्यांनी 'सब समझ में आया' लिहिलं. बाविसाव्याने नुसतं 'नमस्ते'.

२१ जानेवारी, मंगळवार

काल एकाने लिहिलं होतं, दस्ताने फटे हैं, हाथ जलता है। मला आनंद झाला. चला, आता नवे हातमोजे मिळतील, चौकटीचा काही उपयोग झाला.

आज वेल्डिंगचे एक भैया कामावर नाहीत. गेटवरून परत पाठवले. नाव लिहिलं नव्हतं तरी कसं कळलं? सक्सेनाजी माझी फाइल उघडून बसले होते. ११.०७ ला लॅपटॉपपाशी कोण होतं, एवढंच त्यांनी आठवलं.

वेळ टाकायची हौस माझी.

२७ जानेवारी, सोमवार

आज चौकटीत मराठी!

'तिसरीला भार पेलवत नाही. उचललेलं आपसूक खाली उतरतं. कुणीतरी दगावेल.'

जसंच्या तसं उतरवून ठेवते आहे. झाशीत घराबाहेर मराठी अक्षर दिसलं की वहीत उतरवायची माझी जुनी खोड आहे.

कुणी लिहिलं ते विचारायलाच नको. कारखान्यात मराठी आम्ही दोघंच. मी आणि गजाननकाका. क्रेनने लोखंडी साचे उचलायचे, त्यांना खालून साखळ्या अडकवायचं काम काकांचं. तिसरी म्हणजे तीन नंबरची क्रेन. ते तिच्या खाली उभे असतात.

मागे सक्सेनाजी येऊन उभे राहिले. "ये क्या लिखा है, मैडम? भार-वार कुछ..."

वेल्डिंगवाले भैया डोळ्यांसमोर आले. काकांची निवृत्ती तीन वर्षांवर आहे. मी म्हटलं, "लिखा है, काम का भार ज़्यादा है, पर ट्रेनिंग अच्छी लगी।"

ते हसले. काम का भार तो सबको है, म्हणाले. आणि फाइलमध्ये शेजारी हिंदी अर्थ लिहून ठेवायला सांगितला, माझ्या नावाने. लिहिला. काकांना वाचवलं, असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

'तिसरी काल हातभर उतरली. सांगितलंस का?'

अर्थाच्या रकान्यात मी लिहिलं — सब ठीक है।

लहानपणी 'ध चा मा' ऐकताना वाटायचं, एखादी बाई असं कसं करू शकते. इतकं सोपं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

चहाच्या टपरीवर काकांना गाठलं. तुम्हीच सांगा ना सक्सेनाजींना, म्हटलं. काकांची सात पिढ्यांची झाशी, पण घरातली मराठी अजून जुन्या वळणाची. म्हणाले, "पोरी, हिंदीत लिहिणाऱ्याचं काय झालं ते तू पाहिलंस. म्हणून तर तुला लिहितो. तू ऑफिसातली, तुझं ऐकतील. माझं नाव मात्र घेऊ नकोस."

मी मान हलवली. कशाला हलवली?

माझ्या एकटीच्या नोकरीवर घर आहे. हे इथे लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते सबब म्हणतील. आहेच सबब.

१० फेब्रुवारी, सोमवार

मराठी ओळ नाही. बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

'तू कानावर घातलंच आहेस, तेव्हा आज ना उद्या करतील. तोवर जपून उभा राहतो.'

मी आता काय करू?

उद्या सांगते. उद्या नक्की.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सक्सेनाजी दौऱ्यावर. गुरुवारी येणार. फोन करता आला असता. केला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन नंबरची क्रेन. साडेअकरा वाजता. गजाननकाका.

दवाखान्यापर्यंतसुद्धा पोहोचले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईला घेऊन त्यांच्या घरी गेले. इंदिराकाकूंनी मला जवळ बसवून घेतलं, माझा हात सोडेनात. म्हणाल्या, "ते रोज सांगायचे, काळजी करू नकोस, आपली मुलगी आहे तिथं. तिला लिहून दिलंय."

त्यांचा मुलगा अमोघ दारात उभा होता. मराठी कळते त्याला, बोलतो हिंदीच. माझ्याकडे बघत होता.

येताना रिक्षात आई म्हणाली, कसली चांगली माणसं!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अपघाताच्या चौकशीला सरकारी तपासणी अधिकारी आले. सक्सेनाजींनी माझीच फाइल उघडली. हर सोमवार पूछते हैं साहब, किसी ने कोई शिकायत नहीं की। अधिकाऱ्यांनी मराठी ओळींवर बोट ठेवलं. सक्सेनाजींनी शेजारचा रकाना दाखवला — मैडम की मातृभाषा है, अर्थ इन्हीं ने लिखा है।

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प.

ते गेल्यावर सक्सेनाजींनी मला थांबवलं. आवाज अगदी मऊ. "मैडम, आपकी हिंदी बहुत अच्छी है।"

भार म्हणजे काय, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं! आम्हा दोघांनाही एकच खोटं हवं होतं. मी ते लिहून सही करून दिलं.

४ मार्च, मंगळवार

तीन नंबर परत सुरू. नवा रंग दिला आहे, पिवळा. रंगच फक्त नवा.

६ मार्च, गुरुवार

काकांच्या जागी अमोघला घेतलं. सगळे सक्सेनाजींचं कौतुक करताहेत. घर सांभाळलं म्हणे.

१० मार्च, सोमवार

आजच्या वर्गात अमोघ शेवटून दुसरा होता. किती तरी वेळ एकेक अक्षर शोधत होता. मराठी टाइप करायची त्याला सवय नाही. लिहिलं, पण 'जमा करें' दाबलंच नाही. तसंच ठेवून बाजूला झाला. प्रोजेक्टर चालूच, भिंतीवर, सगळ्यांसमोर, हातभर अक्षरांत —

'ताई, तिसरीच्या खाली आता मी.'

सक्सेनाजी माझ्या मागे होते. नेहमीसारखंच विचारलं, "क्या लिखा है, मैडम?"

मी उठले. हिंदीत, जसंच्या तसं वाचलं. मग थांबलेच नाही. २७ जानेवारीची ओळ सांगितली, ३ फेब्रुवारीची, १७ची. सगळ्या पाठच आहेत. आणि म्हटलं, यांचा मी जो अर्थ लिहिला तो खोटा आहे.

सक्सेनाजींनी प्रोजेक्टर बंद केला आणि म्हणाले, मैडम की तबीयत ठीक नहीं है।

११ मार्च, मंगळवार

गेटवर अडवलं. लॅपटॉप कालच काढून घेतला होता. फाइलही आता नसेल. आतून तीन नंबरचा आवाज येत होता.

ही वही त्यांना माहीत नाही. उद्या दहा वाजता इलाइट चौराह्याजवळच्या तपासणी कार्यालयात घेऊन जाते आहे. हिच्यात काकांची प्रत्येक ओळ तारखेसह आहे, आणि माझं खोटंही. एकही पान फाडणार नाही.