निंजांचं सुवेर

३ जाने., शनि.
दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही. वहीची माफी मागते. निमित्तं पुष्कळ, खरं कारण आळस.

गॅदरिंगला आठवीच्या मुलींना निंजांचंच नाटक हवं. "बाई, दरवर्षी मावळेच होतो आम्ही." म्हणून सुट्टीत लिहून काढलं. एका निंजा कुळाच्या दोन शाखा. कुळाला द्वेषाचा शाप. बारशाला आत्या बाळाच्या कानात त्याच्या नावाआधी शत्रूचं नाव सांगते. जपानात आत्या असतात का, असल्या तर काय करतात, मला ठाऊक नाही. मुलींना पटलं.

दोन म्होरक्या निंजा: माझी लेक रसिका आणि काजल. काजल आबांची नात. आबा माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे, चुलतभाऊ. या दोन घरांत बोलणं नाही. मी लग्न होऊन माकणीत आले तेव्हा कुणी काही सांगितलं नाही. आबांच्या घरचं कुणी समोर आलं की आमच्यातले सगळे मान वळवतात, एवढं दिसलं. मीही वळवायला लागले. एकोणीस वर्षं झाली.

काजलला घेतलं ते ती चांगलं करते म्हणून, की मी किती निष्पक्ष हे दाखवायला? दोन्ही, बहुतेक.

७ जाने., बुध.
तालीम. तुराट्यांच्या तलवारी, बापांचे मफलर तोंडाला. काजल बाकावरून उडी मारून ओरडली, "थांब, तुझ्या सात पिढ्यांना बघते!" रसिका: "त्या तुझ्याच की गं येडे, कूळ एकच हाय!" हे मी लिहिलेलं नव्हतं. तसंच ठेवलं. शिपाईमामा हसून हसून खाली बसले.

घरी येताना रसिकानं विचारलं, "आई, निंजांना शाप आहे. आपल्याला काय आहे?" तीही रस्त्यात मान वळवते. शाळेत खेळते, रस्त्यात वळवते. कुणी शिकवलं? मीच, न बोलता.

चहाच्या वेळी धीर करून अण्णांनाच विचारलं. म्हणाले, "आबाच्या लग्नपत्रिकेत माझ्या वडलांचं नाव खाली छापलं. थोरले असून." मी थांबले पुढचं ऐकायला. पुढं काही नव्हतं.

१० जाने., शनि.
काजल तालमीला आली नाही. कारण मीच. काल कार्यक्रमपत्रिका वाटली. 'प्रमुख भूमिका: रसिका, काजल.' आबांचा निरोप आला: "माझ्या पत्रिकेचं उट्टं माझ्या नातीवर काढता व्हय?"

हजेरीपटावरून उतरवलं असतं तर काजलचं नाव रसिकाच्या आधी आलं असतं, म्हणजे तीही सबब नाही. हात आपोआप गेला. आपोआप गेला हेच वाईट वाटतंय.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुसरी मुलगी घ्या. रसिकानं तलवार खाली ठेवली. "मग मीबी नाही." रागवायला हवं होतं. आतून बरंच वाटलं. सोमवारी आबांकडे जाऊन माफी मागावी का? कोणत्या तोंडानं, आणि त्या उंबऱ्यावर पाय तरी…

१२ जाने., सोम.
सकाळी काजल दारात. उंबऱ्याबाहेर उभी, पाठ केल्यासारखं म्हणाली, "काल आमच्या वहिनीला मुलगी झाली. वहिनीचं माहेर लांब, म्हणून इथंच. आबांनी सुवेर कळवायला सांगितलंय." मग हळूच, "बाई, लई मोठ्यानं रडतीय. निंजाच हाय."

बोलणं बंद असलं तरी एवढं दोन्ही घरं पाळतात. कुणाकडेही बाळ जन्मलं की दोन्हीकडे दहा दिवस देवपूजा बंद. अण्णा नेमके पूजेलाच बसलेले. घंटी खाली ठेवली. "त्यांच्या लेकरापायी आमचे देव पारोसे." कुरकुर केली, पण लगेच, "किती वाजता झाली, इचार तिला."

एका मुलीनं दोन घरचे देव थांबवले. हे मला आधी कधी दिसलं कसं नाही?

१४ जाने., बुध. संक्रांत.
वाण नाही, हळदीकुंकू नाही. सुवेरातल्या बाईला आज कुणाच्या घरी जाता येत नाही. भाकरी थापता थापता सुचलं: सुवेर असलेल्या घराला सुवेराचा कसला विटाळ? अख्ख्या गावात आज मला मोकळं असं एकच घर आहे.

लाडू डब्यात भरले. हे म्हणाले, "अण्णांना विचारलंस?"
"नाही."
"मग लवकर जा."

काजलची आई, सुनंदाअक्का, नात्यानं माझी थोरली जाऊ. मला दारात बघून सवयीनं तिची मान वळायला लागली, अर्ध्यात थांबली. "या की! आज आपल्या दोघींना इचारतंय कोण!" आणि आम्ही दोघी हसलो. थांबवता येईना.

ओसरीवरून आबा, "कोण आलंय?"
अक्का म्हणाली, "आपल्याच सुवेरातलं हाय."
आबा खाकरले. मग, "लाडू तिळाचे हायेत का शेंगदाण्याचे?"

चूक कबूल केली. म्हटलं, नवी पत्रिका काढते, दोन्ही नावं एका ओळीत, शेजारी शेजारी. आबा लाडू चावत म्हणाले, "डावीकडचं आधी वाचतेत लोक." शेवटी ठरलं, नावंच नकोत. नुसतं 'आठवीच्या मुली'. काजल उद्यापासून तालमीला.

बाळाला पाहिलं. मूठ घट्ट. माझं बोट धरलं ते सोडेना.

२१ जाने., बुध.
सुवेर फिटलं. अण्णांनी आज घंटी जरा जास्तच वाजवली.

काजल आली, आज उंबऱ्याच्या आत. परवा बारसं. नाव सांगायला ती आणि रसिका, दोघी आत्या. आधी कोण? रसिका म्हणाली, "आई, बाळाला कान दोन असतात." काजल: "आबा इचारत होते, उजवा कुणाचा?" दोघी हसून लोळायच्या बाकी.

नाटकाचा शेवटही त्यांनी बदलला. आत्या ऐन वेळी शत्रूचं नाव विसरते आणि सगळे निंजा तिच्या पाठीत धपाटे घालतात. मी खोडलं नाही.

काजलनं अण्णांना चिठ्ठी दिली, आबांच्या हातची. बारशाला कुणी कुणी यायचं त्यांची नावं. सर्वांत वर, एकटं, कै. लावून, अण्णांच्या वडलांचं. त्याखाली अण्णांचं. अण्णांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली.
"जायचं ना?" मी विचारलं.
"बघू."
दिवेलागणीला ती पुन्हा काढून वाचत होते. मी आत गेले.

उद्या: अण्णांचं पांढरं धोतर इस्त्रीला द्यायचं. त्यांनी सांगितलेलं नाही.