सोल लावलेला पाय

४ जुलै
मेडिकलच्या दुकानातून आली, डावा पाय काढून पुसायले घेतला तं टाचेले चीर. आधी वाटलं कचरा चिकटला. नखानं खरवडलं, आतला पिवळा स्पंजच हाताले लागला. लग्नाच्या आधी आईनं हौसेनं करून दिलेला पाय हा! अकरावीत मळणीयंत्रात पाय गेला तेव्हापासून जुना रबरी होता. जड, पण दगडासारखा टिकाऊ. हा नवा हलका, चाल सरळ दिसते. अन् इतक्यात फाटला?
ग. ले नाही सांगितलं. (नवऱ्याचं नाव अजून पूर्ण लिहवत नाही, हसू येते.)

५ जुलै
कारण सापडलं. मीच.
अकोल्याच्या पाय बनवणाऱ्या सेंटरवाल्या दादानं बजावून सांगितलं होतं, हा पाय नुसता जमिनीवर टेकायचा नाही, सँडल पाहिजेच. मी हो हो केलं. पण उंबरा आला का हात आपोआप खाली जाते, दोन्ही चपला निघतात. रबरी पायाची सवय. त्याले काही होत नसे. अन् नव्या सुनेनं चप्पल घालून ओट्याजवळ उभं राहायचं? जीभच रेटली नाही कधी. आत्याबाईनं (सासूले आम्ही हेच म्हणतो) काढ म्हटलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. इथल्या अंगणातला कोबा म्हणजे पॉलिश पेपर आहे नुसता.

६ जुलै, रविवार
ग. ले दाखवला. पेंट-हार्डवेअरचं दुकान त्याचं, डोळे चमकले. "अवं, त्यात काय! गाडीवर मारतात तो क्लिअर कोट मारून देतो. हार्डनर टाकला का खिळ्यानं ओरखडा पडत नाही."
चीर भरली, घासलं, दोन कोट. दिवसभर मी खाटेवर, कुबडी जवळ. पाय खिडकीत वाळत. शेजारच्या वहिनी डोकावल्या अन् तशाच माघारी गेल्या, बाप्पा!
चकचकीत झाला पण. ग. ची छाती फुगली. मलेही बरं वाटलं, कशाले खोटं बोलू.

१५ जुलै
बोटांपाशी कोट तडकला. चालताना पाय तिथं वाकते, तिथूनच खपल्या निघून राह्यल्या. टाचेवर मात्र काचेसारखा गुळगुळीत.
म्हटलं ग. ले, तर म्हणे तिसरा कोट मारू. मी म्हटलं, भिंत आहे का मी?

१८ जुलै
पडली असती आज. स्वयंपाकघरात फरशी ओली, हातात वरणाचं पातेलं. डावा पाय सरकन पुढं गेला. आत्याबाईनं मागून कमरेले मिठी मारली. वरण सगळं त्याइच्या पायावर. भाजलं, पण आधी मलेच विचारलं, "लागलं का माय तुले?"
मी बर्फ लावून दिला.

२० जुलै
अकोला. ग. सोबत.
दादानं पाय उलटा करून पाहिला अन् कपाळाले हात लावला. "ताई, हे कव्हर बुटात राहायसाठी असते. खालचं मऊ, वरून तुम्ही कडक कोट मारला. वाकल्यावर तडकणारच ना तो. अन् ही चीर पहा, आतली पट्टी दिसते. ती मोडली तं उभ्या उभ्या पडाल."
नवं कव्हर मागवलं. येईल तेव्हा फोन करतील. पण असंच वापरलं तं तेही दिवाळीपर्यंत जाईन म्हणाला. "घरातली वेगळी चप्पल ठेवा. एवढं साधं आहे."
साधं! त्याले काय माहीत आमचं घर.

२१ जुलै
विचारलं शेवटी. नवी कोरी चप्पल, फक्त घरातली, रोज धुईन.
आत्याबाई गहू निवडत होत्या. "आपल्या घरात चप्पल दारापर्यंत. तुझ्या सासऱ्याले मरणाच्या दुखण्यातही घालू नाही देली मी." रागानं नाही बोलल्या. रागानं बोलल्या असत्या तं भांडता आलं असतं.

२७ जुलै
आपणच डोकं चालवलं. बसस्टँडसमोर चपला शिवणारे मामा आहेत. त्याइच्यासमोर पाय काढून ठेवला. दहा माणसं पाहून राह्यली होती, पाहू दे. मामानं टायरच्या रबराचं पातळ सोल पायाच्या आकाराचं कापलं, चिकटवलं, कडेनं घासून सारखं केलं. पट्टा नाही, अंगठा नाही. "पोरी, हे दोन पावसाळे हलत नाही."
घरी आली. सँडल दाराबाहेर काढली अन् सरळ आत. घसरत नाही, घासत नाही. इतकं हलकं वाटलं! आज दोनदा गच्चीवर जाऊन आली, उगाचच.

१२ ऑगस्ट
आत्याबाई: "चिकचिक काय वाजते गं?"
सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?
खाली वाकून पाहिलं त्याइनं. संध्याकाळी देवघराच्या दारात मले थांबवलं. "हे तं चप्पलच झाली."
मी म्हटलं, रस्त्याले हे लागतच नाही आत्याबाई, बाहेर वरून सँडल असते.
"पायाले सोल लागते का कधी? सोल चपलेले लागते."
मी फुलाचं तबक तिथंच ठेवलं अन् मोरीत जाऊन तोंड धुतलं. आता देवघराबाहेरूनच नमस्कार.

१३ ऑगस्ट
कालपासून तेच वाक्य डोक्यात. कुबडीले खाली रबर असते, कुबडी घेऊन आत गेलेली चालते त्याइले. मंग हे काऊन नाही? विचारलं ग. ले. म्हणे, "मले काय विचारते, तिले विचार." तिले विचारलं तं म्हणेन, ग. ले विचार. दोघाइच्या मधात मी चेंडू.

२१ ऑगस्ट
महालक्ष्म्यांची तयारी सुरू. मुखवटे काढले, साड्या उन्हात. नणंद रंजूताई येणार. आत्याबाईनं मले बसवून घरची रीत सांगितली. बाकीच्या घरी मुठीनं पावलं काढतात. इथं सुनेनं मुखवटा हातात घेऊन कुंकवाच्या पाण्याच्या परातीत दोन्ही पाय बुडवायचे अन् दारापासून मखरापर्यंत चालत यायचं. त्या स्वतः पंचेचाळीस वर्षं चालल्या. गुडघे गेल्यावरही.
"यंदा तू."
मी पायाकडं पाहिलं. त्याइनंही पाहिलं. विषय तिथंच राहिला.

२६ ऑगस्ट
दादाचा फोन. कव्हर आलं नाही, दसऱ्यापर्यंत वाट पाहा. जुना रबरी पाय तं नवा आणला तेव्हाच सेंटरले देऊन टाकला.
मंग सोल काढून टाकायचं तरी कसं? ओढलं तं चीर उकलून आतली पट्टी बाहेर येईन.

२९ ऑगस्ट
सांगितलं आत्याबाईनं. रंजूताईसमोर.
"उंबऱ्याबाहेर पाय काढून ठेव. रंजू अन् हा तुले दोन्हीकून धरतील. देवी तुझ्याच हातात राहीन."
चपलांच्या रांगेत माझा पाय! अन् मी एका पायावर, दोघांच्या गळ्यात पडून, सगळ्या गल्लीसमोर. कुंकवाचं एकच पाऊल, उडी मारत मारत.
रंजूताई म्हणाल्या, "वहिनी, आम्ही पडू नाही देणार." पडायची भीती आहे का मले?
ग. खोलीत आल्यावर म्हणे, "एका दिवसाचा तं प्रश्न आहे."
मी म्हटलं, तुह्या पायाचं बोट काढून ठेवतो का दाराबाहेर, एका दिवसासाठी? खूप बोलली. दोन महिन्यांचं साचलेलं सगळं. तो उठून दुकानात गेला. देवी सोन्याच्या पावलांनी येते म्हणतात ना? सोनं चालते, रबर नाही!

३० ऑगस्ट
भाज्या चिरताना दोघीच होतो. म्हटलं, आत्ताच.
"आत्याबाई, मी पाय काढणार नाही. आणली तं दोन पायांनी आणीन. नाही तं रंजूताईनं आणावी, मले राग नाही."
विळी थांबली. "लेकीनं नाही आणायची. या घरात सुनेच्याच हातानं येते."
"मंग मी अशीच येईन."
"अन् मी नाही म्हटलं तं? दारातच ठेवशीन तिले?"
आवाज फाटला त्याइचा. डोळे भरले होते. मले वाटत होतं त्या हट्टाले पेटल्या. आज कळलं, भ्यायल्या आहेत. मी भ्याली त्याच्यापेक्षा जास्त.
हात धरावासा वाटला. नाही धरला. धरला असता तं मीच हो म्हणून बसली असती.
भोपळा चिरून संपवला दोघींनी.

३१ ऑगस्ट, दुपार
पाच मिनिटं मिळाली म्हणून लिहून राह्यली.
मुखवटे तुळशीजवळ पाटावर. बायका जमल्या. ग. सकाळी खोलीत आला. सोलाची एक कड उचकटली होती, दुकानातला गोंद लावून दाबून धरली अन् वाळेपर्यंत तसाच खाली बसून राहिला.
आत्याबाईनं अजून हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. परात स्वतः भरली, कुंकू कालवलं. आता दारात बसल्या आहेत परातीशी, कोणालेच हलवू देत नाहीत.
आत्ता सोल नीट पाहिलं पहिल्यांदा. टायरच्या आडव्या रेघा आहेत खाली. परातीतून निघाली तं उजव्याची पाच बोटं उमटतील अन् डाव्याच्या ह्या रेघा. दारापासून मखरापर्यंत. सगळ्याइले दिसतील, तीन दिवस पुसता येत नाहीत.
रंजूताईनं आवाज दिला. पाय घातला. पायाचा पट्टा आवळून घेतला. चालली.