घमेल्याखालचं फूल

५ मार्च

कालच्या पानावर चूक झाली. तंदूरच्या भिंतीला लागून आत्याने रचलेल्या दगडांत बोयचेचकच्या, वसंतातल्या पहिल्या फुलाच्या, दोन कळ्या आल्या, असं मी लिहिलं. दोन नाहीत, तीन! तिसरी सपाट दगडाच्या पोटाशी होती. एवढंसं धड लिहिता येत नाही मला.

आणि चूक कळल्यावर मी काय केलं? तिन्हींवर पत्र्याचं घमेलं पालथं घातलं.

"कोंबड्या उकरतात," आईला सांगितलं. उकरतातही. म्हणजे खोटं नाही ना? मग कान का तापले?

६ मार्च

कारण लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला ते फिरवता येणार नाही. हिवाळ्यात शेजारची सबोहतमावशी तिच्या मुलासाठी, फर्रुखसाठी, मला मागायला आली. बाबा रशियातून फोनवर "हो" म्हणाले. मावशी म्हणाली, "तुमच्या दगडांत पहिलं फूल दिसलं की नान मोडू." साखरपुड्याची ती रोटी, नान, एकदा मोडली की संपलं. शब्द परत घेता येत नाही.

फर्रुख वाईट नाही. गेल्या वर्षी शेळीने दगड पाडले तेव्हा त्यानेच ते पुन्हा रचले. या झाडांच्या मुळाशी पाणी थांबता कामा नये, खाली खडी हवी, हे त्याला सांगावं लागलं नाही. मग नको का आहे? नको आहे का? शहरात, दुशान्बेला, नर्सिंग शिकायला जायचंय — पण खरंच शिकायचंय, की नुसतं पळायचंय?

विचारलं तर कारण सांगता येणार नाही. म्हणून विचारूच नये कुणी.

९ मार्च

आत्याचा खोकला वाढलाय. खाटेवरून उठवत नाही तिला.

"फूल आलं का गं, पोरी?"

दरवर्षी पोरं डोंगरावरून फुलं घेऊन गात दारोदार येतात. आत्या फूल दोन्ही डोळ्यांना लावते आणि म्हणते, "पोचले बाई एकदाची!" फूल डोळ्यांना लागलं की पुढचं वर्ष आपलं, असं ती मानते. यंदा वर अजून बर्फ आहे. फूल आहे ते आमच्याच अंगणात.

"नाही आलं," मी म्हणाले.

हे मात्र खोटं. कोंबड्यांसारखं अर्धं नाही, पूर्ण. तिचं वर्ष मी घमेल्याखाली दाबून ठेवलंय! अक्षरं मला तिनेच शिकवली, याच दगडांवर, खडूने. जे खरं नाही ते दगडावर लिहायचं नाही, म्हणायची.

१२ मार्च

मावशी आली. चपला काढायच्या आत अंगणभर नजर.

"काय गं, तुमच्या दगडांची यंदा दातखीळ बसली का? तंदूर रोज पेटतोय, भिंत कोमट, आणि फूल नाही? त्या घमेल्याखाली काय लपवलंय?"

"खुडूक कोंबडी बसवलीय, मावशी! उचलू नका!"

कुठून आलं तोंडात कोण जाणे.

"इतकी गप्प खुडूक कोंबडी! तिच्याकडून सुनांनी शिकावं," माझ्याकडे बघत म्हणाली. आणि शीरचायचे, दुधाच्या खारट चहाचे, दोन वाडगे पिऊन गेली.

आमची एकही कोंबडी खुडूक नाही, हे आईला माहीत आहे. तरी मावशीचा दुसरा वाडगा तिनेच भरला. का?

१३ मार्च

घमेलं उचलून पाहिलं. दोनच. सपाट दगडाच्या पोटाशी नुसती पानं, बारीक गवतासारखी. म्हणजे पहिल्यापासून दोनच होत्या? मी केलेली दुरुस्तीच चुकीची? ऊन नाही म्हणून दोन्ही मिटून बसल्यात, फिकट पडल्यात. माझं मला काही खरं कळेनासं झालंय.

१५ मार्च

उचलायचं ठरवलं. उचललं नाही.

१७ मार्च

आत्याची उशी उन्हात घालायला घेतली. खाली रुमालात फूल! पिवळं, पाकळ्यांच्या पाठीवर तपकिरी रेघा, दाबून चपटं झालेलं.

"आत्या! तू उठून गेलीस?"

"मला दारापर्यंत जाववत नाही, आणि म्हणे गेलीस! फर्रुखने आणून दिलं. लाकडं टाकायला आला होता, तुम्ही दोघी पाण्याला गेला होतात. म्हणाला, आत्या, डोळ्यांना लावा आणि तोंड मिटून ठेवा."

"आईला नाही सांगितलं त्याने? स्वतःच्या आईला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, जिने झाकलंय तिलाच उघडू दे."

"मग कालसुद्धा मला का विचारलंस, फूल आलं का म्हणून?"

"तू कधी खरं बोलतेस ते बघत होते," आत्या म्हणाली, आणि खोकत खोकत हसली.

म्हणजे तीनच होत्या. म्हणजे आत्या पोचली, माझ्या खोट्याला वळसा घालून पोचली! मला रडू आलं. आनंदाचं की लाजेचं, तेही कळलं नाही. आणि त्याने हे कुणासाठी केलं? माझ्यासाठी? की त्यालाही नान मोडायची नाहीये?

१८ मार्च

फर्रुख बुधवारी लाकडं टाकायला येतो. आधी त्याला विचारणार, तुला तरी कुणी विचारलं होतं का? तो काहीही म्हणो, मग मावशीला हाक मारून तिच्यादेखत घमेलं मी उचलणार, आणि मला काय कळत नाही तेही तिथेच सांगणार. उद्या. बुधवारी, १९ मार्चला.