दाराचा हिरवा दिवा

जयपूर, मंगळवार रात्र

आज एका स्टेशनवरून माझी मेट्रो सोडताना सगळी दारं बंद झाल्याचा हिरवा दिवा लागला, सिग्नलही मिळाला. हात हँडलवर गेला होता. सहज केबिनमधल्या, फलाट दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहिलं, तर नुकतीच उतरलेली एक मुलगी दाराला खेटून उभी. तिची ओढणी दारात अडकली होती. इतक्या पातळ कापडाने दिवा काही विझत नाही. मी दारं पुन्हा उघडली. ती ओढणी सोडवून जिन्याकडे पळाली.

कंट्रोल रूमने विचारलं, "मॅडम, देरी क्यों?" सांगितलं. "ठीक किया," म्हणाले.

बाबा रेल्वेत गार्ड होते. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आधीच्या स्टेशनांवर पडदा पाहिला होतास?"

मी हो म्हणाले. खरं तर नव्हता पाहिला. नुसत्या दिव्यावर गाडी सोडत आले होते.